‘वाचाघात’ म्हणजे नेमकं काय?

मामांना लकवा मारला. रिपोर्टवर ‘ब्रोकाज अफेजिया’ लिहिलंय. कोशात ‘वाचाघात’ सापडला. घरात सगळे ‘वाचा गेली’ म्हणतात. हे सगळं एकच का? आणि ब्रोका म्हणजे काय?

—

ब्रोका हे माणसाचं नाव. पॉल ब्रोका, पॅरिसचे शल्यचिकित्सक. १८६१ साली बिसेत्र रुग्णालयात त्यांनी लबोर्न्य नावाचा रुग्ण तपासला. काहीही विचारा, तोंडून बहुतेक ‘तां तां’ एवढंच निघे. समजायचं मात्र बरंचसं, खुणांनी उत्तरंही द्यायचा. तो वारल्यावर मेंदू पाहिला, तर डावीकडे कपाळामागच्या भागात इजा. त्या भागाला ब्रोकाचं क्षेत्र म्हणतात. ब्रोकांनी विकाराला ‘आफेमी’ म्हटलं होतं. त्रूसो या फ्रेंच डॉक्टरांनी १८६४ मध्ये सुचवलेलं ‘आफाझी’, म्हणजेच इंग्रजीतलं अफेजिया, टिकलं.

—

‘वाचा गेली’ फार मोघम आहे. भीतीनंही वाचा बसते. लकव्यानं जीभ जड झाली तर उच्चार बिघडतो, पण शब्द शाबूत असतात. हात चालत असेल तर माणूस नीट लिहून दाखवतो. मामांसारख्या, ब्रोकाच्या वाचाघातात लिहितानाही शब्द अडतात. ‘काल दवाखान्यात जाऊन गोळ्या आणल्या’ म्हणायचं असतं आणि बाहेर येतं ‘काल... दवाखाना... गोळी’. प्रत्यय आणि क्रियापदं गळतात. म्हणून ‘बोलता येत नाही तर लिहा’ म्हणून पाटी पुढे करू नका, माणूस आणखी खचतो.

—

मला ‘वाचाघात’च अपुरा वाटतो. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरांनी अफेजियाचा दुसरा प्रकार मांडला. डाव्या कानाच्या वर, जरा मागे इजा झाली तर बोलणं थांबत नाही, धो धो चालतं; पण त्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचं बोलणंही कळत नाही. त्याला वाचेवर घात कसं म्हणायचं? घरचे तर ‘भ्रम झालाय’ म्हणून मोकळे होतात. ‘भाषाघात’ म्हटलं तर दोन्ही प्रकार सामावतात.

—

‘वाचा’ म्हणजे नुसता आवाज नव्हे, त्यात भाषाही आली. रुळलेला शब्द मोडू नये. अफेजिया म्हणजे वाचाघात, हे पक्कं धरा.

ताई, मामांपुरतं सांगते: त्यांना बरंच समजतंय. लांबलचक वाक्यं नकोत. ‘चहा हवा?’ असं विचारा आणि थांबा, उत्तराला वेळ लागतो. त्यांच्यादेखत ‘यांना काही कळत नाही’ कुणालाही म्हणू देऊ नका. आणि स्पीच थेरपी लवकर सुरू करा.