इंटरमिजिएट इंग्लिश: फंक्शन्स आधी की ग्रामर आधी?

चाकणवाला

नमस्कार मंडळी. मी मराठी मिडियमचा, मेकॅनिकल डिप्लोमा, सध्या चाकणला गाड्यांचे पार्ट्स बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. जर्मन कस्टमरबरोबर कॉल ठरलेला असतो आणि मेल तर रोजचेच. बारा टेन्सचा तक्ता मला झोपेतून उठवून विचारा, अ‍ॅक्टिव्हचं पॅसिव्ह करून देतो, पण माझे मेल आमचे मॅनेजर बदलल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. मी लिहितो 'यू मस्ट सेंड द ड्रॉइंग टुडे', ते करतात 'कुड यू प्लीज सेंड अस द ड्रॉइंग टुडे', आणि वर म्हणतात अरे कस्टमर आहे तो, आपला व्हेंडर नाही. ग्रामर बघायला गेलं तर दोन्ही बरोबरच ना?

आता बी-वन, म्हणजे इंटरमिजिएट लेव्हलचा ऑनलाइन क्लास लावलाय. तिथे धड्यांची नावंच 'मेकिंग सजेशन्स', 'कंप्लेनिंग', 'एक्सप्रेसिंग रिग्रेट' अशी, ह्यांनाच फंक्शन्स म्हणतात, आणि ग्रामर कडेच्या कॉलममधे बारीक अक्षरात. सर फ्रेजेस पाठ करायला लावतात, ही फ्रेज अशीच का ते विचारलं की म्हणतात तसंच बोलतात ते लोक. मग मी नक्की काय करू, आधी ग्रामर पक्कं करून मग हे फंक्शन प्रकरण घेऊ की उलटं?

खवचट_पेठकर

पाठ करा हो. लहानपणी मराठी बोलायला लागलात तेव्हा काय प्रयोग आणि विभक्ती शिकून बोललात का? टेन्सचे तक्ते पाठ करून पोरं बोर्डात मार्क काढतात आणि इंटरव्ह्यूला 'मायसेल्फ अमुक तमुक' म्हणतात.

शुभदा_टीचर

पेठकर, लहान मूल दिवसभर तीच भाषा ऐकत असतं, ह्यांच्या कानावर इंग्लिश पडतं ते कॉलवर आणि तेही जर्मन माणसाचं, त्यामुळे ती तुलना राहू द्या :)

चाकणवाले, तुमच्या पुस्तकाची ती पद्धत हवेतून आलेली नाही. १९७५ साली युरोप कौन्सिलने 'थ्रेशोल्ड लेव्हल' म्हणून एक यादी काढली, 'व्हॅन एक' नावाच्या डच भाषातज्ज्ञांनी केलेली, त्यात ग्रामरच्या प्रकरणांऐवजी माणसाला भाषेतून करायचं काय असतं ते आधी मांडलं होतं, म्हणजे माहिती विचारणं, विनंती, नकार, माफी वगैरे. पुढे २००१ मधे ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्या आल्या त्यातली बी-वन म्हणजे ही थ्रेशोल्डच. तेव्हा फंक्शन म्हणजे ग्रामरला सुट्टी नव्हे. काम आधी ठरवायचं आणि मग त्याला कुठलं ग्रामर लागतं ते शोधायचं, एवढाच क्रम उलटा आहे.

आता तुमचं 'का'. इंग्लिशमधे भूतकाळ दर वेळी काळ दाखवायला येत नाही, अंतर ठेवायलाही येतो. 'कॅन यू', त्याहून मऊ 'कुड यू', त्याहून मऊ 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड'. वंडर आत्ताच चाललंय, काल नाही, तरी 'वॉज'. विचित्र वाटतं? साहेबांच्या केबिनच्या दारात उभं राहून तुम्ही काय म्हणता? 'सर, जरा बोलायचं होतं.' बोलायचंय आत्ता, पण म्हणता 'होतं'. 'तुमच्याकडे एक काम होतं' हेही तसंच. म्हणजे ही खोच तुम्हाला आधीपासून येते, फक्त टेन्सच्या तक्त्यात ती कुणी दाखवली नाही. 'मस्ट' मधे ह्या पायऱ्या नाहीत, ते सरळ बंधन घालतं, म्हणून मॅनेजरांनी काढलं.

अनू_म्युनिक

शुभदाताईंना +१, पण जर्मन कस्टमर आहे म्हणून सांगते, त्या 'वॉज वंडरिंग' च्या पायरीपर्यंत रोज चढू नका. मी इथे क्वालिटीतच आहे, टेबलच्या दुसऱ्या बाजूला म्हणा. 'कुड यू प्लीज' भरपूर झालं. आमच्याकडच्या लोकांना त्रास होतो तो वेगळ्याच गोष्टीचा, आपण तक्रार किंवा नकार इतका गुंडाळून देतो की कळतच नाही. 'वी विल ट्राय अवर बेस्ट' ह्याचा अर्थ आपल्याकडे बहुतेक जमणार नाही असा असतो, इथला माणूस त्याला होकार समजून प्लॅनिंग करून बसतो. 'आय अ‍ॅम अफ्रेड वी कान्ट डू इट बाय फ्रायडे, बट वी कॅन डू इट बाय ट्यूजडे' असं म्हणा. नकार स्पष्ट, पुढची तारीख हातात. तक्रारीलाही 'देअर सीम्स टू बी अ प्रॉब्लेम विथ द सेकंड बॅच' इतकं मऊ चालतं, पण लगेच पुढच्या वाक्यात किती पीस, कुठलं डायमेन्शन ते आलं पाहिजे.

अजून एक गंमत, कस्टमरच्या इंग्लिशवर कान तयार करू नका. 'आय वर्क हिअर सिन्स थ्री इयर्स' तेही म्हणतात कारण जर्मनमधे 'सोमवारपासून' आणि 'तीन वर्षांपासून' दोन्हीला एकच शब्द आहे आणि पुढे साधा वर्तमानकाळ, म्हणजे थेट आपल्यासारखंच. दोघंही चुकतात, दोघांनाही कळतं, कॉल मस्त चालतो. पण परीक्षा द्यायची असेल तर 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स'.

चाकणवाला

शुभदाताई, 'बोलायचं होतं' वाचून डोक्यात लख्ख उजेड पडला. मग रिग्रेटचं पण असंच काही आहे का? तिथे 'शुड हॅव' आणि 'इफ आय हॅड' मधे मी कायम अडकतो.

शुभदा_टीचर

आहे की. 'मला सांगायला हवं होतं' म्हणजे 'आय शुड हॅव टोल्ड', सांगितलं नाही आणि चुटपुट लागलीय. 'मला सांगावं लागलं' म्हणजे 'आय हॅड टू टेल', सांगितलं, पण नाइलाजाने. मराठीत ह्या दोघांची गल्लत कुणी करत नाही, इंग्लिशमधे सर्रास होते कारण आपण दोन्हीकडे आधी 'शुड' शोधतो.

'इफ' मधे मात्र मराठी मदतही करते आणि फसवतेही. 'असतं तर' आलं की गोष्ट खरी नाही हे पक्कं, इथवर बरोबर. पण 'माझ्याकडे आत्ता रिपोर्ट असता तर पाठवला असता' आणि 'काल असता तर पाठवला असता', आपलं क्रियापद दोन्हीकडे तेच. इंग्लिशला फरक करावा लागतो. आत्ताच्यासाठी 'इफ आय हॅड द रिपोर्ट, आय वुड सेंड इट', कालच्यासाठी 'इफ आय हॅड हॅड द रिपोर्ट, आय वुड हॅव सेंट इट'. मनात 'आत्ता' की 'काल' एवढं घालून बघा, सेकंड कंडिशनल थर्ड कंडिशनल हे आकडे विसरलात तरी चालेल.

आणि सवयींसाठी 'जायचो, करायचो' म्हणजे 'यूज्ड टू', पूर्वी होतं आता नाही. रोज करताय त्याला 'आय यूज्ड टू गो टू जिम डेली' म्हणू नका, ऐकणारा विचारेल सोडलंत का.

खवचट_पेठकर

जिम सोडलीच असणार, जानेवारी संपला.

पण एक मान्य करतो ताई. ते 'कॅन यू टेल मी व्हेन इज द डिलिव्हरी' पाठांतराने जात नाही. आमच्या ऑफिसात सगळे तसंच बोलतात, मीपण.

शुभदा_टीचर

कारण मराठीत 'डिलिव्हरी कधी आहे' हा तुकडा सरळ प्रश्नात आणि 'डिलिव्हरी कधी आहे ते सांगाल का' मधे जसाच्या तसा राहतो. इंग्लिशमधे पुढे 'कुड यू टेल मी' लागलं की प्रश्न त्याने विचारून झाला, आतलं वाक्य साधं होतं, 'व्हेन द डिलिव्हरी इज'. 'डू, डझ, डिड' असेल तर तेही गळतं, 'डू यू नो व्हेअर ही वेंट'. मजा म्हणजे सरळ प्रश्नात आपण 'व्हाय यू आर लेट' म्हणतो आणि आडवळणाच्या प्रश्नात 'टेल मी व्हाय आर यू लेट', नेमकं उलटं.

चाकणवाला

हे आजच्या मेलमधे वापरलं. 'कुड यू लेट मी नो व्हेन वी कॅन एक्स्पेक्ट द रिवाइज्ड ड्रॉइंग? वी हॅव बीन वेटिंग फॉर इट सिन्स मंडे.' अजून पाठवला नाहीये. जमलंय का?

अनू_म्युनिक

ग्रामर चोख. पण दुसऱ्या वाक्याने आठवणीची तक्रार झाली. तक्रारच करायची असेल तर राहू द्या. नुसती आठवण करायची असेल तर ते काढून त्या जागी ड्रॉइंग तुम्हाला कशासाठी हवंय ते लिहा, म्हणजे 'वी नीड इट टू स्टार्ट द सॅम्पल पार्ट्स' वगैरे. इथे कारण दिलं की काम लवकर हलतं.