कोलोनमधील तीन तासांचा थांबा

गाडी बदलताना जर्मनीतील कोलोनला तीन तास मिळत असतील तर स्थानकाबाहेर पडावे का, असा प्रश्न पडू शकतो. अवश्य पडावे, कारण तेथील कॅथेड्रल मुख्य स्थानकाच्या दारातच उभे आहे. सामान स्थानकातच ठेवता येते.

१२४८ मध्ये सुरू झालेले आणि मध्ये जवळजवळ तीन शतके रखडलेले हे बांधकाम १८८० मध्ये पूर्ण झाले. दक्षिण मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या चढण्यात वेळ आणि दम दोन्ही खर्च होतात, म्हणून माझ्या मते त्याऐवजी आत शांतपणे बसून, जर्मन चित्रकार गेर्हार्ड रिश्टर यांनी रचलेल्या आणि २००७ मध्ये बसवलेल्या खिडकीच्या हजारो रंगीत चौकोनांतून येणारा प्रकाश पाहावा.

त्यानंतर होहेनत्सोलर्न पुलावरून ऱ्हाईन नदी पायी ओलांडावी. १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उडवून दिलेला हा पूल युद्धानंतर पुन्हा उभारला गेला, आणि आज पादचाऱ्यांच्या अगदी शेजारून आगगाड्या धडधडत जातात. जवळून नजरेत न मावणारे कॅथेड्रलचे दोन्ही मनोरे पलीकडच्या डॉइट्झ काठावरून प्रथमच संपूर्ण दिसतात. उशीर झालाच तर डॉइट्झ स्थानकातून लोकल गाडी काही मिनिटांत मुख्य स्थानकात परत आणते.