मदत हवी आहे : समुपदेशक म्हणून आपलेच प्राध्यापक असतील तर मोकळेपणाने बोलावे का?

नमस्कार. मी सोलापुरातील एका महाविद्यालयात विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकते. वय १९ पूर्ण. समुपदेशन घ्यावे असे गेले दोन महिने वाटते आहे, परंतु ते कोणाकडे घ्यावे आणि घेतल्यावर ती गोष्ट कुठवर पोहोचते, याचा उलगडा होत नसल्यामुळे हा धागा काढत आहे.

तिसऱ्या सत्रात माझे दोन विषय राहिले. गुणपत्रिका हाती आल्यापासून रात्री अडीच-तीनपर्यंत झोप लागत नाही, पुस्तक उघडले की एकाच पानावर तासभर जातो, आणि प्रात्यक्षिकांना जाणे मी हळूहळू टाळू लागले आहे. आम्ही पूर्व भागात राहतो आणि घराला लागूनच यंत्रमागाचा कारखाना आहे, पण ती खडखड जन्मापासून कानात असल्यामुळे तिचा त्रास कधी झाला नाही. उलट वीज जाऊन माग थांबले की पूर्वी मला जाग यायची. आता माग थांबतात तेव्हा मी जागीच असते. जीव नकोसा झाला आहे असे मात्र नाही. हे आधीच लिहिते, म्हणजे कोणी विनाकारण घाबरणार नाही.

आमच्या महाविद्यालयात समुपदेशन कक्ष आहे, म्हणजे तशी पाटी आहे आणि तिच्याखाली एका प्राध्यापकांचे नाव आहे. हे सर आम्हाला रसायनशास्त्र शिकवतात आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुणही तेच देतात. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. ते भले गृहस्थ आहेत. पण प्रात्यक्षिकाला का येत नाही याचे खरे कारण ज्यांना सांगायचे, तेच हजेरीपटावर माझ्या नावापुढे गैरहजेरी मांडणार, हे मनातून जात नाही. शिवाय त्या कक्षाच्या अर्जावर पालकांचा मोबाईल क्रमांक आणि विभागप्रमुखांची सही असे दोन रकाने आहेत. तो अर्ज मी घरी आणला आणि तसाच वहीत ठेवला.

घरचे विरोधात आहेत असेही नाही. वडील टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतात, आई विड्या वळते, आणि घरात आम्ही तेलुगू बोलतो. समुपदेशन म्हणजे काय हे आईला सांगायला गेले तेव्हा मला तेलुगूत शब्दच सापडला नाही. शेवटी ‘डॉक्टर’ म्हणाले आणि ती घाबरली. थोरल्या बहिणीसाठी स्थळे पाहणे चालू आहे. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये केसपेपरच्या रांगेत आमच्या गल्लीतील कोणी ना कोणी रोज असतेच, आणि ‘धाकटी डोक्याच्या डॉक्टरकडे जाते’ एवढे एक वाक्य बास होईल.

सरांकडे जावे की बाहेर? १९ व्या वर्षी माझ्या संमतीशिवाय पालकांना कळवता येते का? खासगी ठिकाणची फी परवडणार नाही, मग दुसरी वाट कोणती? जाणकारांनी, विशेषतः ज्यांनी स्वतः विद्यार्थी असताना समुपदेशन घेतले आहे त्यांनी, कृपया लिहावे.

प्रतिसाद

मी काही वर्षे एका महाविद्यालयात समुपदेशक म्हणून काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहिते. तुमची शंका रास्त आहे. गुण देणारी व्यक्ती आणि मन ऐकून घेणारी व्यक्ती एकच असू नये, हा आमच्या कामातला अगदी प्राथमिक संकेत आहे. प्राध्यापकांना पालक-शिक्षक म्हणून जरूर भेटा, पण फेरपरीक्षेचा अर्ज, हजेरीची सवलत, प्रात्यक्षिके भरून काढणे एवढ्यापुरतेच. त्यासाठी ‘प्रकृती ठीक नाही’ हे पुरेसे कारण आहे आणि ते खोटेही नाही.

गोपनीयतेचे म्हणाल, तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यातील कलम २३ नुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे उपचार करणाऱ्या आरोग्य व्यावसायिकांवर बंधनकारक आहे. जिवाला धोका असणे, न्यायालयाचा आदेश असणे असे मोजके अपवाद आहेत. तुम्ही सज्ञान असल्यामुळे केवळ फी तुमचे वडील भरतात म्हणून त्यांना काही सांगितले जात नाही. मात्र रसायनशास्त्राचे प्राध्यापक हे आरोग्य व्यावसायिक नव्हेत. तेथे त्यांच्या शब्दावरच विसंबावे लागेल. विभागप्रमुखांच्या सहीचा रकाना तर मला अजिबात पटलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा आहे. हे प्राचार्यांना विद्यार्थी प्रतिनिधींमार्फत विचारता येईल. त्यासाठी तुम्ही स्वतः पुढे येण्याची गरज नाही.

तूर्त तुमच्यासाठी सोपी वाट म्हणजे टेलि-मानस. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली ही सरकारी सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास चालते, आणि १४४१६ वर मराठीत किंवा तेलुगूतही बोलता येते. पहिले वाक्य काय बोलावे हा प्रश्न सर्वांनाच पडतो. ‘दोन महिने झोप नाही आणि अभ्यास होत नाही’ एवढे म्हणा, पुढचे प्रश्न समोरची व्यक्ती विचारते. आणि सिव्हिल पूर्णपणे बाद करू नका. थायरॉईडचा विकार, रक्तक्षय, बी-१२ ची कमतरता यांमुळेही थकवा येतो आणि मन लागत नाही. ‘रक्त तपासायला जाते’ म्हणून केसपेपर काढणाऱ्या मुलीकडे कोणीही वळून पाहत नाही. गरज वाटल्यास तेथूनच मानसोपचार विभागाकडे पाठवले जाते.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

मनापासून आभार, ताई. तेलुगूतही बोलता येते हे मला माहीत नव्हते. एक अडचण उरते, ती म्हणजे आमचे घर दीड खोलीचे आहे आणि फोनवरचे प्रत्येक वाक्य आईच्या कानावर पडते. सकाळी ती वळलेल्या विड्या द्यायला कारखान्यात जाते आणि वडील रात्रपाळी करून झोपलेले असतात. तेवढा तासभर गच्चीवर मिळेल. कारखान्याचे माग तेव्हा चालूच असतात, त्यामुळे शेजारी कोणाला ऐकू जाणार नाही, फक्त पलीकडच्यांना माझे बोलणे ऐकू जाईल एवढे पाहावे लागेल. मधेच फोन ठेवावा लागला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सगळे सांगावे लागते का, एवढे कृपया कळवावे.