शहरातल्या केंद्रांवरून आमच्या गावची हवा कशी कळणार?

कन्हानकाठ
हवा किती खराब ते दाखवणाऱ्या सरकारी 'समीर' ॲपवर नागपूर उघडलं की जीपीओसमोरचं, रामनगरचं, महालचं, अंबाझरीचं केंद्र दिसते. आम्ही राहतो तिथून तीसेक किलोमीटरवर, कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्याला. थंडीत सकाळी तुळशीच्या पानावरून बोट फिरवलं की बोट काळं. ग्रामसभेत म्हटलं, हवा मोजणारं एक केंद्र आपल्या भागात मागू. निम्मी सभा हसली. "डबा बसवून खोकला जाते का बापा?" तुम्हीच सांगा, चुकलो का मी?

हरभऱ्याचं_वावर
चुकलात. धूळ डोळ्यांनी दिसून राहिली, तिला मोजायचं काहून? असं केंद्र कोटीच्या घरात जाते. तेवढ्यात रस्ता होते, ट्रकवर ताडपत्रीची सक्ती करायला माणूस ठेवता येते. आकडा आला की साहेब म्हणतील, "अभ्यास सुरू आहे."

फिल्टरपेपर
भाऊ, डोळ्यांना दिसते ती जाडी धूळ. ती बरीचशी नाकातच अडकते. फुप्फुसात खोल जाणारा बारीक कण, म्हणजे पीएम २.५, केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढा. आपल्याकडे त्याची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खालीच बसते आणि धूर वर जात नाही. पहाटे पाचला काय होतं ते तुळस सांगणार नाही. शिवाय २०१९चा राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम शहरांसाठी आहे. नागपूर त्यात आहे, तुमचं गाव नाही. कागदावर तुमची हवा खराबच नाही, मग निधी कोणत्या तोंडानं मागाल?

चुलीपाशी
मोजायला माझी ना नाही, पण केंद्र बसणार कुठं? तहसीलच्या आवारात. माझी सासू पहाटे आंघोळीचं पाणी पऱ्हाट्यांवर तापवते. सिलिंडर आहे, पण तो चहापुरता. भरायला पैसे लागतात आणि पऱ्हाटी वावरातून फुकट येते. स्वयंपाकघराचं छप्पर डांबरासारखं झालंय. तो धूर तुमच्या केंद्राला दिसेल का? आवारात 'समाधानकारक' लागेल आणि आमच्या घरात ती खोकत बसेल. वर तोच आकडा आम्हाला दाखवतील.

फिल्टरपेपर
ताई, हे मान्य. ते केंद्र बाहेरची हवा मोजतं, तुमच्या चुलीपाशी काय होतं ते त्यात येत नाही. उंच चिमणीचा धूरही पायथ्याशी न उतरता वाऱ्याच्या दिशेनं काही किलोमीटर पुढं उतरतो, म्हणून एकाच केंद्रावर पन्नास गावं तोलू नयेत. एक पक्कं केंद्र ठेवा, आणि पाच-सहा गावांत स्वस्त सेन्सर लावा. पण ते सेन्सर आधी पक्क्या केंद्राशेजारी ठेवून तपासून घ्या. लेझरवाले सेन्सर धुक्यात, दमट हवेत जास्तीचा आकडा दाखवतात.

कन्हानकाठ
म्हणजे आधी एक पक्कं लागतेच! आणि ते चोवीस तास चालणारंच मागणार. हातानं फिल्टर बदलायचं केंद्र आठवड्यात दोन दिवस, म्हणजे वर्षाला १०४ वेळा मोजते. बाकीच्या २६१ दिवसांत ट्रक येत नाहीत का?

हरभऱ्याचं_वावर
चोवीस तास? आमच्याकडं मोटरीला लाईन रात्री येते, म्हणून आम्ही साप-विंचवात ओलीत करून राहिलो. तुमच्या डब्याला लाईन कोण देईन?

फिल्टरपेपर
हा मात्र बरोबर मुद्दा. हवा किती खराब ते सांगणारा दिवसाचा निर्देशांक काढायला किमान १६ तासांची नोंद लागते. तेवढी नसली तर त्या दिवसाचा आकडाच निघत नाही.

चुलीपाशी
मग ठरावात केंद्राच्या आधी लाईनचं लिहा, कन्हानकाठभाऊ. आणि पुढची ग्रामसभा दुपारी ठेवा. सकाळी आम्ही बाया चुलीपाशी असतो.