समुद्र तर हवाच, पण गुहागरचाच कशाला?

पडवीवरून :
वय 61. सरकारी बँकेतून मागच्या वर्षी सुटलो. घर गुहागर तालुक्यात, वडिलोपार्जित. उधाणाच्या रात्री गाज माजघरापर्यंत येते. तरीही आम्ही दोघं परदेशात राहायला जायच्या बेतात आहोत, तेही समुद्राकाठीच. गावात बोललो तर लोक हसले, म्हणून इथे विचारतो.

कारण आधी सांगतो. गेल्या जुलैत रात्री साडेअकराला हिच्या छातीत कळ आली. वीज गेलेली, पाऊस असा की वायपर नावालाच. चिपळूण इथून 45 किलोमीटरच्या आसपास. पोचायला दोन तास लागले आणि तिथे म्हणाले, पुढे न्या. शेवटी पित्त निघालं. पण वाटेत मी व्याडेश्वराला जे नवस बोललो ते पित्तासाठी नव्हते.

मलेशियातल्या पिनांगला इस्पितळं चांगली आहेत आणि तमिळ वस्ती असल्याने खायचे हाल नाहीत. पण मलेशियाने दीर्घ मुक्कामाची योजना 2024 मध्ये नव्याने मांडली. त्यातल्या सिल्व्हर पायरीलाच दीड लाख डॉलरची मुदत ठेव लागते, वर घर विकत घेणं सक्तीचं. फंड आणि ग्रॅच्युइटी एकत्र करूनही आमचा हात तिथे पोचत नाही. उरलं थायलंडमधलं हुआ हिन. पन्नाशी उलटलेल्यांना तिथे निवृत्तीसाठी राहता येतं, मुदत वर्षावर्षाने वाढवून घ्यायची. दरमहा 65,000 बाट उत्पन्न दाखवा, नाहीतर तिथल्या बँकेत 8 लाख बाट ठेवा. पेन्शनने पहिली अट भागत नाही. दुसरी, म्हणजे वीस लाख रुपयांच्या वरची रक्कम, ओढूनताणून भागते. बँकॉक दोनशे किलोमीटर, मध्ये घाट नाही. तिथे राजाचा एक वाडा आहे, नाव 'क्लाय कांगवोन', म्हणजे 'काळजीपासून दूर'. मी त्या नावावरच अर्धा भाळलोय.

कातळसडा :
त्याच वाड्यात राजा प्रजाधिपोक मुक्कामाला होता तेव्हा, जून 1932 मध्ये, बँकॉकात उठाव झाला आणि त्याची अनियंत्रित सत्ता गेली. नावावर जाऊ नका, काका.

तुम्हाला हवंय इस्पितळ आणि तुम्ही शोधताय बीच. रत्नागिरीत दोन खोल्या भाड्याने घ्या, पावसाळ्याचे चार महिने तिथे काढा. जिल्हा रुग्णालय आहे, 2023 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. मांडवीला बसून समुद्र बघा. भाडं तुमच्या विमान तिकिटांत निघेल. सगळेच असे निघाले तर इथल्या रुग्णालयासाठी भांडायचं कोणी?

पडवीवरून :
मी 2009 पासून आमच्या आरोग्य केंद्रात रात्रीचा डॉक्टर असावा म्हणून अर्ज देतोय. मी भांडलोय. आता दमलोय.

रिटर्नतिकीट :
मी हुआ हिनला 14 महिने राहून परत आलोय, म्हणून लिहितो.

चांगलं आधी. बाजारात 'प्ला थू' नावाचा मासा मिळतो, आपल्या बांगड्याचा सख्खा चुलतभाऊ. नारळ मुबलक, तांदूळ उत्तम, फुटपाथवरून म्हातारा माणूस चालू शकतो. कोकम मात्र मिळत नाही, आमसुलं बॅगेतून न्या. चिंच पुष्कळ, पण सोलकढी चिंचेची होत नाही. आम्ही करून पाहिली, ओतून दिली.

आता बाकीचं. दर 90 दिवसांनी आपला पत्ता कळवावा लागतो आणि दरवर्षी मुदतवाढीची कागदपत्रं. ठेव हवी तेव्हा मोडता येत नाही. मुदतवाढीनंतर तीन महिने 8 लाख तसेच ठेवायचे आणि नंतरही 4 लाखांच्या खाली जायचं नाही. परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही. फ्लॅट होतो, पण इमारतीतलं परदेशी लोकांच्या मालकीचं क्षेत्र 49 टक्क्यांच्या आतच असावं लागतं. आणि इस्पितळ! जवळ आहे, चकचकीत आहे, कबूल. मी पाय मुरगळून गेलो. एक्स-रे, पट्टी, तीन प्रकारच्या गोळ्या, आणि बिल पाहून मुरगळलेला पाय विसरलो. विमा होता, पण साठीनंतर त्याचा हप्ता वर्षागणिक असा चढतो की ठेवीचं व्याज त्यातच जातं.

पण मी परतलो ते पैशामुळे नाही. भाषा पाच सुरांची. एकच अक्षर वरच्या पट्टीत म्हटलं की वेगळं, खालच्या पट्टीत म्हटलं की भलतंच. दुकानदार हसून बोलायचे, मीही हसायचो. चौदा महिने मी फक्त हसलो. बायको संध्याकाळी गॅलरीत बसून मोबाईलवर गावच्या ग्रुपमधले मयताचे निरोप वाचायची.

नियमावली :
कोरडं लिहितो, राग मानू नका. कायमचे राहायच्या हेतूने गेलात की परकीय चलन कायद्याच्या दृष्टीने तुम्ही अनिवासी. बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयातलं खातं, करावं लागेल, त्यातल्या व्याजावर 30 टक्के टीडीएस, वर अधिभार वगैरे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत अनिवासीला नवे पैसे ठेवता येत नाहीत. निवासी असेपर्यंत बाहेर पैसे नेण्याची मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर, ती तुम्हाला पुरून उरेल. पण 10 लाखांवरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने वसूल करायचा कर, आधीच कापला जातो. विवरणपत्र भरल्यावर तो हिशेबात येतो, तोवर पैसे अडकतात.

कोकणातल्या माणसाला सगळ्यात लागणारा मुद्दा वेगळाच आहे. अनिवासीला शेतजमीन विकत घेता येत नाही. आहे ती ठेवता येते, वारसाने आलेलीही. पण उद्या शेजारच्या चुलत्याने गडग्याला लागून असलेला कलमांचा तुकडा विकायला काढला, तर तुम्ही बघत राहायचं. तो तिसराच कोणी घेणार.

पडवीवरून :
हा बाण बरोबर लागला. चुलत्याचा तो तुकडा खरंच आहे. तुम्हाला कोणी सांगितलं?

नियमावली :
कोकणात असा तुकडा प्रत्येकालाच असतो.

तिरफळ :
गाववाल्यानू, थंय सगळा गावतला. बांगडो गावतलो, नारळ गावतलो. पण रातीचो साप घरात इलो तर हाक कोणाक मारतलास? हंय हाक मारलंय तर चार घरां जागी होतत.

पडवीवरून :
आमच्या वाडीत 11 घरं. त्यातल्या 7 घरांना कुलूप, ते गणपतीत आणि शिमग्याला निघतं. उरलेल्या चारांत आम्ही धरून सगळे साठीच्या पुढचे. त्या रात्री मी हाक मारली होती. शेजारचे भाऊ काठी टेकत आले, पण गाडी त्यांना येत नाही.

सुरंगी :
इतका वेळ वाचते आहे. सगळे पुरुष समुद्र, इस्पितळ आणि सातबारा यांवर बोलताहेत. मी बाईमाणूस म्हणून विचारते, निवृत्त कोण झालंय?

काका बँकेतून सुटले. काकू कशातून सुटल्या? माझं सासर हर्णैजवळ, मोठं घर. आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायची ती मी, सांडगे-पापड-आमसुलं मी, गणपतीला 27 माणसांचं पान मी, आणि चाकरमानी परतले की त्यांची अंथरुणं उन्हात घालायची तीही मी. 58 वर्षांची आहे. माझ्या कंबरेला कोणी 'सेवानिवृत्ती' म्हणून शाल दिलेली नाही. हुआ हिनच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, जिथे मामेसासरे न सांगता जेवायला टपकणार नाहीत, तिथे बाई पहिल्यांदा दुपारी झोपेल. रिटर्नतिकीट, तुमच्या बायको गॅलरीत बसायच्या म्हणता. इथे असताना कधी बसल्या होत्या?

रिटर्नतिकीट :
बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ह्या बाईंचा नंबर मिळेल का?" पण पुढे असंही म्हणाली, की तिथे झोप यायची, जाग आल्यावर काय करायचं ते कळायचं नाही.

कातळसडा :
सुरंगीताई, मग गणपतीला 27 जणांनी मिळून करावं. त्यासाठी देश कशाला सोडायचा? चूक घराची आहे, कोकणाची नाही.

सुरंगी :
35 वर्षं हेच ऐकते आहे.

दर्यावर्दी :
मॉरिशस कोणीच कसं काढलं नाही? 19व्या शतकात मुंबई बंदरातून मजूर म्हणून गेलेली आपली माणसं, बरीचशी रत्नागिरी बाजूची. तिथे मराठी शाळेत शिकवतात, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते आणि आपली जाखडी अजून नाचतात. मी आठ दिवस गेलो होतो. एका आजोबांनी आरती अशी खणखणीत म्हटली की मला भरून आलं. नंतर गप्पा मारायला बसलो तर त्यांना बोली येत होती क्रिओल आणि मला मराठी. वादळंही येतात, बहुधा नोव्हेंबर ते एप्रिल. पण 3 जून 2020 चं निसर्ग वादळ दिवेआगरला पाहिल्यापासून मला वादळाचं कौतुक राहिलेलं नाही. आमच्या सुपारीच्या बागेत त्या दिवशी उभी झाडं मोजायला दोन हातांची बोटं पुरली.

पडवीवरून :
सगळं बायकोला वाचून दाखवलं, नियमावलींचं दोनदा. ती सुरंगीताईंपाशी थांबली, बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ठेव नको, अनिवासी नको. पर्यटक म्हणून जाऊन जून-जुलै भाड्याने राहून बघू. नाहीतरी तेव्हा इथे मासेमारी बंदच असते. गणपतीच्या आधी परत. आणि यंदा मोदक बाहेरून आणायचे." शेवटची अट तिने दोनदा सांगितली.

कातळसडा :
जून-जुलै घर बंद? कौलारू घर, भर पावसात? काका, परत याल तेव्हा वाशांना वाळवी, गाद्यांना बुरशी आणि एक नळा सरकलेला असला तर माजघरात तळं. चूल पेटायला हवी, दारं उघडायला हवीत. ती 7 कुलुपं उघडतात तेव्हा आतून काय वास येतो, ते तुम्हाला मी सांगायला नको.

पडवीवरून :
खरं आहे. शेजारच्या भाऊंना विचारतो. पण त्यांना आमच्या पोटमाळ्याच्या शिडीवर चढवायचं की नाही, हा प्रश्न आहे. तुम्ही कुठले? जवळपासचे असाल तर आठवड्यातून एकदा येऊन दिवा लावाल का?

कातळसडा :
मी कुडाळचा.