जुनी घेतलेली माझदा आरएक्स-८ : रोटरी इंजिन टिकवायचे कसे?

इंदिरानगरकर :
नमस्कार. मी नुकतीच २००५ सालची, सहा गिअरची माझदा आरएक्स-८ विकत घेतली. माझदाने आपल्याकडे मोटारी अधिकृतपणे विकल्या नसल्यामुळे ही गाडी परदेशातून आलेली आहे आणि तिच्या इंजिनाची आधी किती निगा राखली गेली, हे सांगणारा एकही कागद माझ्याकडे नाही. थंड असताना ती लगेच सुरू होते. मात्र गंगापूर रोडला जाऊन थांबलो आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा किल्ली फिरवली, तर स्टार्टर बराच वेळ फिरत राहतो. नाशिकचा एप्रिल-मे आणि अधूनमधून कसारा घाट, एवढे या इंजिनाला झेपावे यासाठी सुरुवात कुठून करावी? गाडी मनापासून आवडली आहे आणि ती बरीच वर्षे ठेवायची आहे.

सातपूरकर :
तापलेले इंजिन उशिरा सुरू होणे हे या गाडीत कम्प्रेशन (इंजिनाच्या आत तयार होणारा दाब) उतरल्याचे पहिले लक्षण असू शकते, म्हणून कोणताही नवा भाग मागवण्यापूर्वी कम्प्रेशन मोजून घ्यावे. यात पिस्टन नसतात. दोन त्रिकोणी रोटर असतात आणि प्रत्येक रोटरच्या तीन बाजूंचे कम्प्रेशन वेगवेगळे पाहावे लागते. आपल्या गॅरेजमधला नेहमीचा गेज आतल्या झडपेमुळे सर्वांत जास्त दाब धरून ठेवतो, त्यामुळे तीनपैकी एका बाजूचे सील (दाब अडवून धरणाऱ्या कडेच्या पट्ट्या) गेलेले असले तरी आकडा चांगलाच दिसतो. ती झडप काढून स्टार्टर फिरवला, तर काटा तीन सारखे ठोके देतो की एखादा ठोका लंगडा पडतो, एवढे कळते. नेमक्या आकड्यासाठी मात्र रोटरीचाच टेस्टर लागतो. मिनिटाला २५० फेऱ्यांच्या वेगाने किमान ६८० किलोपास्कल दाब मिळायला हवा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने इथे आकडा थोडा कमी येतो, तो हिशेब धरूनच निर्णय घ्यावा. बॅटरी आणि स्टार्टर अशक्त असले तरीही गरम इंजिन असाच त्रास देते. त्यामुळे तेही तपासल्याशिवाय इंजिन उघडायला कोणाला परवानगी देऊ नका.

नाशिकरोडचा वाचक :
सातपूरकरांशी पूर्ण सहमत. कम्प्रेशन ठीक निघाले, तर पुढचा खर्च इग्निशन कॉइलवर (प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणारा भाग) करा, असे मी आग्रहाने सांगेन. या इंजिनात चार प्लग आणि चार कॉइल आहेत. कॉइल अशक्त झाल्या तरी गाडी चालत राहते, फक्त पिकअप थोडा कमी वाटतो, आणि म्हणूनच मालक दुर्लक्ष करतो. तेवढ्या काळात न जळलेले पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते, आतली जाळी वितळून तुंबते, धूर बाहेर पडायला वाट राहत नाही आणि ती सगळी उष्णता उलटून रोटरच्या सीलवर येते. इंजिन गेले असे ज्याला लोक म्हणतात, त्याची सुरुवात अनेकदा अशा एखाद्या कॉइलपासून झालेली असते. जुन्या कॉइलचा इतिहास माहीत नसेल, तर चारही एकदम बदलाव्यात. प्लग बदलताना लीडिंग आणि ट्रेलिंग हे दोन वेगळे प्रकार आहेत, त्यांची अदलाबदल होता कामा नये. रोटरी मुळातच नाजूक असते, हे मला मान्य नाही. माझदाच्या चार रोटरच्या ७८७बी गाडीने १९९१ साली फ्रान्समधली ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली होती.

इंदिरानगरकर :
दोघांचेही आभार. टेस्टरची चौकशी सुरू केली आहे. घाटात तापमानाचा काटा मध्यावर स्थिर असतो, म्हणजे कूलिंगची काळजी नाही असे समजावे का? आणि ऑइलचे काय?

सातपूरकर :
त्या काट्यावर विसंबू नका. तो बऱ्याच मोठ्या पल्ल्यात मध्यावरच थांबतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. ओबीडी पोर्टला (इंजिनाची माहिती वाचण्यासाठी गाडीत दिलेली जोडणी) स्वस्त स्कॅनर लावून कूलंटचे खरे तापमान मोबाइलवर पाहत चला. रेडिएटर आणि पुढच्या बंपरमागचे ऑइल कूलर यांत धूळ व पालापाचोळा साचतो, तो उन्हाळ्यापूर्वी काढून घ्या.

ऑइल जळणे हा या इंजिनात दोष नाही. सीलना वंगण मिळावे म्हणून मीटरिंग पंप थोडे ऑइल मुद्दाम आत सोडतो. म्हणून दर दुसऱ्या वेळी पेट्रोल भरताना डिपस्टिक पाहावी. २००९ पूर्वीच्या गाड्यांत दर रोटरला ऑइलचे दोनच इंजेक्टर आहेत, नंतर ते तीन झाले. तुमच्या गाडीत मी एका लिटर पेट्रोलला चार-पाच मिलिलिटर चांगल्या प्रतीचे टू-स्ट्रोक ऑइल मिसळेन. सध्याच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी ही गाडी बनवलेली नाही आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते, तेव्हा पावसाळ्यात टाकी भरून ती आठवडेच्या आठवडे उभी ठेवू नका.

नाशिकरोडचा वाचक :
एक गोष्ट राहिली. सोसायटीत कोणाची स्कूटर काढायला म्हणून गाडी सुरू करून, दोन हात मागे घेऊन लगेच बंद करू नका. थंड इंजिन असे बंद केले की आत पेट्रोल साचते आणि पुढच्या वेळी ते सुरू होत नाही. तशी वेळ आलीच, तर अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून स्टार्टर फिरवा. त्या स्थितीत पेट्रोलचा पुरवठा बंद राहतो आणि आतले पेट्रोल बाहेर निघून जाते.