घोळणा फुटतो तेव्हा: तुमच्या घरी काय करता?

मंडळी, उन्हाळा तोंडावर आला की आमच्याकडे हा विषय हमखास निघतो, म्हणून धागा काढतेय. लेक दुसरीत आहे. घोळणा फुटतो तो बहुतेक वेळा झोपेत नाहीतर अभ्यासाला बसल्यावर. डॉक्टरांनी तपासलंय, रक्ताचे रिपोर्ट व्यवस्थित आहेत, 'मोठी झाली की कमी होईल' असं सांगितलंय. तोवर आमचा क्रम ठरलेला आहे. तिला खुर्चीत ताठ बसवायचं, मान किंचित पुढे झुकवायची, हाडाच्या खालचा नाकाचा मऊ भाग दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायचा आणि मोबाईलवर दहा मिनिटांचा टायमर लावायचा. श्वास तोंडाने. तोंडात रक्त आलं तर थुंकायचं, गिळायचं नाही.

अवघड काय असेल तर मध्येच हात काढून न बघणं. सासूबाईंना राहवत नाही, दर मिनिटाला 'थांबलं का गं?' चालू असतं. आणि लेक चिमटीतून ओरडते, 'बला दको! सोड दा!' नाक बंद असल्यामुळे म चा ब आणि न चा द होतो, मग तिलाच हसू फुटतं आणि हसली की पुन्हा भळभळ. तुमच्याकडे काय चालतं ते लिहा. घरगुती उपायही लिहा, पण ते करून नेमकं काय झालं हेही सांगा.

अकोल्याहून एक आई

आमच्या इकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे घोळणा फुटणं कुणाला नवीन नाही. आईकडे कांदा फोडून हुंगवायचे, डोक्यावर गार पाणी थापायचे. थांबायचंही. पण कांदा शोधून, फोडून, हुंगवून होईपर्यंत पाच-दहा मिनिटं तशीही जातात. श्रेय कांद्याला, बाकी काय! दूर्वांचा रस मात्र मी मुलाच्या नाकात घालू देत नाही. अंगणातल्या दूर्वा, त्यावर काय काय पडलेलं असतं.

फरक कशाने पडला विचाराल तर कूलरने. एसीच्या खोलीत नाक कोरडं पडतं, सकाळी खपली धरलेली असते आणि पोरगा ती काढतो. वाळ्याच्या कूलरखाली झोपतो तेव्हा ही भानगड बरीच कमी असते. नखं दर रविवारी कापते, त्यावरून भांडण ठरलेलं.

नाशिकचे एक कान-नाक-घसा तज्ज्ञ

दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याच्या अगदी पुढच्या भागात चार-पाच रक्तवाहिन्यांच्या शाखा एकत्र येऊन जाळं होतं. त्याला आम्ही लिटल्स एरिया म्हणतो. त्वचा पातळ, आणि बोट पोचतं तेही नेमकं तिथेच. मुलांमधला बहुतेक रक्तस्राव इथूनच होतो, म्हणून बाहेरून दाबल्यावर थांबतो. वर हाडावर दाबून उपयोग नाही. मान मागे टाकली तर रक्त थांबत नाही, फक्त घशातून पोटात जातं. मग मूल काळपट रक्ताची उलटी करतं आणि घरच्यांची भीती दुप्पट होते.

'उष्णता झाली' हे अर्धंच खरं आहे. कोरडी हवा, सर्दी, अॅलर्जी आणि बोट, या चौघांची ती युती असते. हिवाळ्यातही माझ्याकडे असे पेशंट कमी नसतात. सलाइनचे थेंब आणि रात्री पडद्याच्या पुढच्या भागाला पेट्रोलियम जेलीचा पातळ हात, एवढ्यावर पुष्कळांचं भागतं. वारंवार त्याच जागेवरून येत असेल तर सिल्व्हर नायट्रेटने ती जागा डागतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण मूल स्वस्थ बसणारं हवं.

थांबू नका असं कधी? नीट दाबूनही वीस मिनिटांत थांबलं नाही, डोक्याला मार लागल्यावर आलं, मूल पांढरंफटक पडलं किंवा गळून गेलं, किंवा पावसाळ्यात ताप असताना आलं. डेंगीची शक्यता असते तेव्हा घरी प्रयोग नकोत. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला घोळणा फुटणं नेहमीचं नाही, ते दाखवायलाच हवं.

पुण्याचे एक बाबा

आमच्याकडे मूळ दुखणं अॅलर्जीचं. शेजारी बांधकाम, घरात धूळ, पोरगा सकाळी ओळीने शिंकतो. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे दिला. शिंका थांबल्या आणि घोळणा सुरू झाला! स्प्रे बंद करायच्या आधी फोन केला हे बरं झालं. त्यांनी मुलाला समोर बसवून स्प्रे धरायला शिकवलं: उजव्या हाताने डावी नाकपुडी, डाव्या हाताने उजवी. म्हणजे नळीचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याकडे वळतं आणि फवारा पडद्यावर बसत नाही. औषध तेच, पण रक्त येणं जवळजवळ बंद झालं. दुकानदार बाटली देताना हे सांगत नाही.

टोरंटोहून

इथे उन्हाळा नाही, जानेवारी वाईट. बाहेर उणे पंधरा आणि घरात चोवीस तास हीटिंग, हवा अशी कोरडी की दाराच्या कडीला हात लावला तरी शॉक बसतो. बेडरूममध्ये ह्युमिडिफायर लावतो. त्याचं पाणी रोज बदलायचं आणि टाकी घासायची, नाहीतर बुरशी धरते आणि अॅलर्जीचं नवीन खातं उघडतं. भारतातून आजीचा गुलकंद येतो, लेक तो पोळीला लावून खाते. नाकाचं माहीत नाही, पण संपतो लवकर.

कोल्हापूरहून, जरा वेगळा अनुभव

वरचं सगळं वाचलं, पटलंही. पण आमचं तसं नव्हतं म्हणून लिहितेय. मुलीचा घोळणा फुटला की अर्धा-पाऊण तास चालायचा. हातापायांवर निळे डाग असायचे. खेळताना लागलं असेल असं सगळे म्हणायचे. दुधाचा दात पडला त्या रात्री हिरडीतून सकाळपर्यंत रक्त झिरपत होतं. नवीन डॉक्टरांनी मुलीला तपासायच्या आधी मला विचारलं, 'तुमची पाळी कशी असते?' मी चकित. माझा रक्तस्राव पहिल्यापासून फार, आणि माझ्या आईचाही. आमच्या घरात बायकांचं असंच असतं असं आम्ही धरून चाललो होतो.

निदान झालं व्हॉन विलब्रँड आजाराचं. रक्त गोठायला लागणारं एक प्रथिन कमी असतं किंवा नीट काम करत नाही. फिनलंडच्या एका डॉक्टरांनी १९२६ मध्ये ऑलंड बेटांवरच्या एका कुटुंबात ते पहिल्यांदा नोंदवलं. हिमोफिलिया मुख्यतः मुलग्यांना होतो, हा मुलगे-मुली दोघांनाही होतो. मुद्दाम सांगते, नेहमीच्या तपासणीत प्लेटलेट्स बहुधा नॉर्मल येतात, आमच्याही आल्या होत्या. वेगळी चाचणी करावी लागते. आता ट्रॅनेक्सॅमिक अॅसिडच्या, म्हणजे रक्तस्राव आटोक्यात आणणाऱ्या गोळ्या घरात असतात, कधी द्यायच्या ते डॉक्टरांनी लिहून दिलंय. तापाला फक्त पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा अॅस्पिरिन नाही. दात काढायचा असेल तर आधी कळवायचं. मुलगी मजेत आहे, सायकल चालवते. हो, माझीही तपासणी झाली आणि मलाही तेच निघालं.

रत्नागिरीहून

एकाच नाकपुडीतून रक्त आणि घाण वास असेल तर आत काहीतरी आहे असं धरा. माझ्या भाच्याने चिंचोका घातला होता, कुणाला पत्ता नाही. पाण्याने असं बी फुगतं, म्हणून थेंब घालू नका आणि चिमटाही नको, आत ढकललं जातं. घड्याळाचा किंवा खेळण्यातला बटन सेल असेल तर त्याच क्षणी दवाखाना गाठा, काही तासांत आतलं जाळतो.

जालन्याच्या शिक्षिका

शाळेत प्रार्थनेला उन्हात उभं राहिलं की एखाद्याचा फुटतोच. पहिली दोन मिनिटं वर्गाला आवरण्यात जातात, कारण 'बाई रक्त!' म्हणून सगळे भोवती जमतात. मी एकाला पाणी आणायला, एकाला घड्याळ बघायला बसवते, बाकीच्यांना पाढे. मान मागे टाकायची सवय मुलं घरूनच आणतात, ती मोडायला वेळ लागतो. पालकांना एक विनंती: मुलाला वारंवार होत असेल तर वर्षाच्या सुरुवातीलाच बाईंच्या कानावर घाला.

धागा काढणारी

कोल्हापूरच्या ताई, तुमचा प्रतिसाद मी बहिणीला पाठवला. डॉक्टर, एक राहिलं: सकाळी घोळणा फुटला आणि संध्याकाळी खो-खोची मॅच असेल तर?

नाशिकचे डॉक्टर

त्या दिवशी मॅच नको. धावणं, वाकणं, नाक शिंकरणं, कडकडीत पाण्याने अंघोळ, सगळं दुसऱ्या दिवसापर्यंत बंद. शिंक आली तर तोंड उघडून. राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसली तर माझी हरकत नाही, पण ती बसेल का?

धागा काढणारी

नाही बसणार. घरीच ठेवते.